मॉरिसव्हिलचे अष्टप्रधान

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळाचा कारभार चोख व्हावा, म्हणून सर्वसाधारण सभेनं कार्यकारिणी बरखास्त करून अष्टप्रधान नेमले. याला चैत्राली कारणीभूत होती. ती सतराव्या शतकातल्या मराठी राज्यकारभारावर पीएचडी करत होती आणि मंडळात तिनं त्यावर भाषण दिलं होतं. ते लोकांना इतकं आवडलं, की पुढच्याच रविवारी श्रीरंगकाका पेशवे झाले आणि विनीताकाकूंकडे सुमंतपद, म्हणजे परराष्ट्र खातं, आलं.

तीन महिने पोटदुखी सोसल्यावर चैत्रालीला एंडोस्कोपीची तारीख मिळाली. भूल देणार असल्यामुळे घरी न्यायला ओळखीचं माणूस हवं, नाहीतर तपासणी होणार नाही, असं हॉस्पिटलनं बजावलं होतं. तिच्याकडे गाडी नव्हती. तिनं मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, गुरुवारी दुपारी कुणी अर्धा तास येऊ शकेल का?

विनीताकाकूंनी तातडीनं कळवलं, की हॉस्पिटल मंडळाच्या हद्दीबाहेर असल्यानं विषय परराष्ट्र खात्याचा आहे. मात्र वाहन लागणार, तेव्हा सेनापतींचा अभिप्राय आवश्यक. सेनापतींची हरकत नव्हती. पण भूल दिलेल्या माणसाला नेणं उचित की कसं, हा प्रश्न त्यांनी पंडितरावांकडे पाठवला. पंडितराव क्रूझवर होते.

बुधवारी चैत्रालीनं श्रीरंगकाकांना फोन केला. ते तिच्यापासून दोन सिग्नल पलीकडे राहत आणि घरूनच काम करत.

"काका, तुम्हीच याल का?"

"अगं, आलो असतो. पण पेशव्यानंच प्रोसेस बायपास केली, तर बाकीचे काय करतील?"

"काका, त्या आठांपैकी सहा जणांना वेळ आली की स्वतः लढाईवर जावं लागायचं."



"ते कलम आपण ॲडॉप्ट केलं नाही," श्रीरंगकाका म्हणाले.

गुरुवारी उपाशीपोटी बसलेल्या चैत्रालीला, न्यायला कोण येणार, असं नर्सनं तीनदा विचारलं आणि मग तपासणी रद्द केली. पुढची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. संध्याकाळी आठही शिक्क्यांचं मंजुरीपत्र तिच्या फोनवर आलं. 'कोणीतरी जावे', असा त्यात स्पष्ट आदेश होता.

ती सभेत भांडायला गेली. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दिलगिरीचा ठराव केला आणि व्यवस्था सुधारायला अशीच मुलगी हवी म्हणून, टेक्सासला निघालेल्या सचिवांच्या जागी तिलाच नेमलं. ती नाही म्हणणार होती. पण तोवर अंगावर शाल पडली होती, आणि टाळ्या बराच वेळ चालल्या.

पंधरवड्यानं अमेय नावाच्या नव्या विद्यार्थ्यानं ग्रुपवर लिहिलं, ताप आहे, कुणी थोडी पेज आणून देईल का? तो तिच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायचा. चैत्रालीनं तांदूळ धुवायला घेतले. मग तिच्या मनात आलं, सचिवानंच पद्धत मोडली तर सुधारणा व्हायची कशी? तिनं हात पुसले आणि उत्तर लिहिलं.

"अर्ज पावला. योग्य त्या खात्याकडे पाठवत आहे."

त्याखाली तीनशे बारा अंगठे उमटले. तुमचा त्यात नसेल, तर तुम्ही ग्रुप म्यूट केला असावा.