डोमाजीभाऊंची चाल

डोमाजीभाऊ चालायला निघाले की आधी खांदा शोधत. काठी नव्हे, खांदा. जिवंत माणसाचा. "मास्तर, खांदा आणा इकडं," अशी हाक आली की मी शाळेचं कुलूप हातात तसंच घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहायचो.

कुरखेड्याकडच्या त्या गावात मी नवा शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा ते कोंडवाडा राखत. चुकार गुरं आत घ्यायची, मालक आला की सोडायची. वय तिशीचं, पण उभे राहिले की वाऱ्यानं झुकलेल्या शिंदीसारखे. डावा खुबा कामातून गेलेला. पाय फाकवून उभं राहायचं, सगळं धड डावीकडं टाकायचं, ते सावरलं की मगच उजवा पाय उचलायचा, अशी त्यांची चाल.

"काठी घ्या ना एखादी," मी एकदा म्हणालो.

"काठी बोलते का जी?"

गावातले सगळे खांदे त्यांना पाठ. पाटलाचा "लोण्यावानी, हात घसरते." लोहाराचा पक्का, पण "तो मंधातच थांबते न दुसऱ्याशीच बोलत बसते." माझा खांदा त्यांच्या मते टोपी टांगायच्या कामाचा होता.

त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे. लोक म्हणत, मोहाची दारू चढली. ते तर थेंबाला शिवत नसत. थंडी पडली की हाडं फुटायची. मग कोंडवाड्याच्या भिंतीला कपाळ टेकून बसत. एकदा आत एक म्हैस हंबरत होती, तर तिला म्हणाले, "तू काऊन ओरडून राह्यली वं? ओरडाचं तं मले हाये." मी हसलो. तेही हसले, आणि हसता हसता त्यांचे दात आवळले गेले.

या दुखण्याला सिकलसेल म्हणतात, हे मला फार पुढे एका डॉक्टरांकडून कळलं. तोवर डोमाजीभाऊ कधीच गेले होते.

त्यांच्या मामानं एकदा त्यांच्यासाठी मुलगी पाहिली. नदीपलीकडचं गाव, धानाची शेती असलेलं घर. मामानं बेत आखला. बैलगाडी थेट मुलीच्या ओसरीला भिडवायची, म्हणजे भाच्यानं गाडीतून सरकायचं ते ओसरीवरच.

"एकदा बसला का उठू नोको," मामानं बजावलं. "घर जळालं तरी उठू नोको."

"मले घेऊन जळन ना मंग," डोमाजीभाऊ म्हणाले.

सोबत म्हणून मलाही नेलं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. गाडीच्या धक्क्यांनी भाच्याची कंबर धरली, असं मामानं सांगितलं आणि मुलीच्या बापाला ते पटलंही. मुलगी पाणी घेऊन आली. सावळी, धट्टीकट्टी. डोमाजीभाऊंनी पेला घेतला आणि पाणी प्यायचं विसरून तसेच बसले.

"शेतीचं काम झेपते ना पाव्हण्याले?" बापानं विचारलं.

"हाव जी! एकटाच नांगर धरते," मामा म्हणाला.

डोमाजीभाऊंनी पेला खाली ठेवला. खांबाला धरून उठले. मामानं त्यांचं धोतर ओढलं, ते त्यांनी सोडवलं. मी घाईनं पुढं झालो, तर मला हातानंच मागं सारलं. मग खांबही सोडला आणि अंगणात उतरले.

कोणाच्याही आधाराविना चालताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. धड डावीकडं, पाय पुढं. पुन्हा धड, पुन्हा पाय. चेहरा घामानं निथळत होता. तुळशीपाशी जाऊन ते वळले.

"पाहून घे बाई," ते मुलीला म्हणाले. "मी असा चालतो. पुढं याहून खराब चालीन. मामा खोटं बोलून राह्यला."

परत येताना उखळापाशी तोल गेला. मुलगी सगळ्यांच्या आधी धावली. पण बाप ओरडला, "आत जा तू!" ती अर्ध्या वाटेत थांबली आणि आत गेली. उचललं ते मी.

बापानं हात जोडून नकार दिला. चहा मात्र आग्रहानं पाजला.

परतीच्या वाटेवर मामा बराच वेळ बैलांवरच राग काढत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "काऊन उठलास रे?"

"माझ्या मायले कोणी सांगतलं नव्हतं, मामा. बापाची हाडं अशीच होती. तो खाटेवर पडला तं तिची सारी उमर शेकाचं पाणी तापवण्यात गेली. तुमची बहीण होती ना ते?"

गाडी नदीच्या वाळूत उतरली, चाकं रुतू लागली. डोमाजीभाऊ मागं, त्या गावाकडं तोंड करून बसले होते.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "हसली होती ते. पडलो तवा नाई. पाणी देतानी."