जबाबदार इसम

हिंगोलीत तातेरावांच्या भाड्याच्या खोलीतून मंगळवारी भरदिवसा एक कुकर, एक इस्त्री आणि कुलदीप राठोडचे पळायचे बूट चोरीला गेले. कुकर हनुमानचा, इस्त्री शेषरावची. पण पाचावर धारण बसली ती कुलदीपची. गुरुवारी दहा वाजता पोलीस भरतीचं ग्राउंड होतं. मागच्या भरतीत गडी अनवाणी पळाला आणि दोन मार्कांनी हुकला. तांड्यावरून निघतानाच आईनं, रूपाबाईनं, बजावलं होतं, "यंदा तसाच वापस आला, तर हळद काढायला चल गुमान."

घरमालक तातेराव म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. चोरीचं ऐकून त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सपाटून भूक लागली. जेवण उरकून त्यांनी तिन्ही भाडेकरूंना बैठकीत बोलावलं आणि रीतसर चौकशी मांडली. घराचा नियम साधा होता. शेवटी निघणाऱ्यानं कुलूप लावायचं आणि चावी मीटरच्या डब्यात ठेवायची. ही जागा अत्यंत गोपनीय होती. गल्लीबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती.

"शेवटी कोण निघालं?"

"मी तर सगळ्याच्या आधी गेलो," हनुमान म्हणाला.

"मी त्याच्याबी आधी," शेषराव म्हणाला.

कुलदीप पडला भोळा. "मी निघालो शेवटी. कुलूप लावलं, चावी डब्यात ठेवली."

तातेरावांनी पेनाला टोपण लावलं. "झालं. जबाबदार इसम मिळून आला."

"अन् चोर, काका?"

"चोर काहून पाहिजे आता? एका प्रकरणात दोन जबाबदार बसत न्हाईत. सही कर, मंग तुझ्या बुटाचं बघू."

कुलदीपनं सही केली. आपली जबाबदारी कबूल करणारा जिवंत माणूस सापडलाय, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. गुरुवारी सकाळी आठलाच तातेरावांच्या दारात चपलांचा ढीग पडला. पंचफुलाबाईंची कोंबडी गेल्या दिवाळीत गेली होती.

"मावशी, मी तर गुढीपाडव्यानंतर राह्यला आलो!"

"व्हय रे लेकरा. पण तवा जबाबदार कोण गावलाच न्हाई ना!"

कोंबडी त्याच्या नावावर चढली. मागोमाग रतनसिंगची बोअरची मोटार, कुणाच्या तरी सासऱ्याची छत्री आणि चौकातला सरकारी बल्बही चढला. इकडे घड्याळ पळत होतं आणि कुलदीप सह्या करत होता.

नऊ वाजता कोपऱ्यावरचा सोनाजी हरवलेल्या सायकलीची तक्रार घेऊन आला. चारचौघांसारखं त्यानं दाराशी पायातलं काढलं आणि आत येऊन मांडी घातली. कुलदीपची नजर बाहेर गेली. सोनाजीनं काढलेल्या बुटाच्या टाचेला पिवळा दोरा! तो टाका कुलदीपनं स्वतः घातला होता.

"काका, ते बूट माझे हायेत!"

सोनाजी जराही चिडला नाही. "तुझेच हायेत. चावी काढली, बूट नेले, कुलूप लावलं, चावी परत डब्यात ठेवली. नियमाच्या भाईर काही केलं का मी?"

"मंग शेवटी निघाला तो! जबाबदार तो!" कुलदीप ओरडला.

"बराबर हाय," तातेराव म्हणाले, "पण उशिरा निघालं. कागद तयार झाले. खाडाखोड चालत न्हाई."

"बूट तरी द्या. तासाभरात ग्राउंड हाय माझं!"

"तो मुद्देमाल आहे. ज्याच्या ताब्यात आहे, निकालापर्यंत त्याच्याच पायात राहील."

आता मात्र कुलदीपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला, ढिगातून आपले बूट काढले, पायात कोंबले आणि सुटला.

"चोर! चोर! बूट घेऊन पळून राहिला!" सोनाजी कोकलला.

दोन दिवसांत चोर शोधायला ज्या गल्लीनं एक पाऊल उचललं नव्हतं, ती अख्खी त्याच्यामागं धावली. पुढं कुलदीप, मागं गल्ली, अशी वरात थेट भरतीच्या मैदानावर पोचली. फाटकावरच्या जमादारानं हात आडवा केला.

"काय तकलीफ हाय?"

"ह्यानं बूट चोरले साहेब!"

जमादारानं कुलदीपच्या पायांकडं पाहिलं. बूट जणू मापानं शिवलेले. मग त्यानं गल्लीच्या पायांकडं पाहिलं. घाईत ढिगातलं जे हाती लागलं, ते प्रत्येकानं चढवलं होतं. तातेराव पंचफुलाबाईंच्या लाल पट्ट्याच्या चपलांत उभे होते. रतनसिंगच्या दोन पायांत दोन घरं होती.

"हे सगळं ज्याचं त्याचं हाय का?" जमादारानं विचारलं.

जो तो आपले पाय मागं ओढू लागला. जमादारानं एकट्या कुलदीपला आत सोडलं आणि फाटक लावून घेतलं.

हसा, खुशाल हसा. फक्त गेल्या लग्नातून तुम्ही जी बरी चप्पल घालून घरी आलात, ती कुणाची होती तेवढं सांगा.