पान दोनशे बारा

सव्वाअकरा वाजता उपसंपादकांना शिंक आली. शिंक एकच होती, पण हातात चहाचा पेला होता आणि पेल्याखाली चिठ्ठ्यांची चळत होती. सर्वांत वरच्या चिठ्ठीवर चहा सांडला, आणि पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी शाईने सुवाच्य अक्षरात लिहिलेला मजकूर त्यांच्या डोळ्यांदेखत निळा चहा होऊन टेबलाच्या कडेवरून खाली ठिबकू लागला.

दुसरं कुठलं ऑफिस असतं तर फडक्यावर भागलं असतं. पण ही कोशाची कचेरी होती. इंग्रजी शब्दांचा जन्म, त्यांची चालचलणूक आणि वयोमानाने बिघडत गेलेले त्यांचे अर्थ नोंदवण्याचं काम तिथे साठ वर्षं चाललं होतं, आणि नुकतंच 'एच' या अक्षरापर्यंत आलं होतं. नियम एकच, पण लोखंडी. शब्दाच्या प्रत्येक अर्थाला छापील पुस्तकांतले तीन पुरावे हवेत. पुराव्याच्या चिठ्ठीवर वाक्य, पुस्तक, साल आणि पान हवं. दोनच पुरावे निघाले तर अर्थ बाद. आणि ज्याच्या हातून चिठ्ठी खराब होईल, तो तळघरात.

तळघरात साडेचार लाख जुन्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या अक्षरवार लावायला एक गृहस्थ होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या हातची एक चिठ्ठी वाऱ्याने खिडकीबाहेर गेली होती. ते तेव्हा गोरे होते, असं जुने लोक सांगत. आता ते धुळीच्या रंगाचे झाले होते, आणि जिन्यात कुणी भेटलं तर नमस्काराआधी आज वार कोणता ते विचारत.

उपसंपादकांच्या हाती सात आठवडे एकच क्रियापद होतं, हुडविंक. आज त्याचा अर्थ फसवणे. पण लहानपणी हे क्रियापद असं नव्हतं. हुड म्हणजे डोक्यावरून ओढायचं टोपडं, आणि विंक म्हणजे त्या काळी चक्क दोन्ही डोळे मिटणं. सोळाव्या शतकात हुडविंक करणं म्हणजे निव्वळ डोळे बांधणं. त्यात कपट नव्हतं. मग एखादी गोष्ट झाकणं, नजरेआड करणं असा अर्थ आला, आणि होता होता डोळस माणसालाच आंधळं करून सोडणं यावर गाडी आली. विंकचंही तेच झालं. पूर्वी दोन्ही डोळे मिटत, आता एकच मिचकावतात. चारशे वर्षांत माणूस एक डोळा उघडायला शिकला, तोही लबाडीसाठी.

भिजलेली चिठ्ठी 'झाकणे' या मधल्या अर्थाची होती. त्या अर्थाचे पुरावे मोजून तीन. एक गेला तर मधली पायरीच गेली, आणि शब्दाने डोळे बांधण्यावरून थेट फसवण्यावर उडी का मारली, हे मुख्य संपादक विचारणार.

मुख्य संपादकांना कचेरीत 'भिंग' म्हणत. ते सदैव हातात भिंग घेऊन फिरत. त्यातून पाहताना त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसे, आणि तो डोळा आपल्यावर रोखला की माणसाला न केलेले गुन्हेही आठवत.

"साहेब, काही सांडलं का?" टंकलेखिका बाईंनी पलीकडच्या टेबलावरून विचारलं.

"नाही."

"मग टेबलाखाली निळं काय आहे?"

"सावली."

"बरं," असं म्हणून बाईंनी आपली पर्स सावलीतून उचलून घेतली.

उपसंपादकांनी ओली चिठ्ठी खिशात कोंबली आणि नवी पुढे ओढली. जुनं वाक्य आठवेना. पुस्तक आठवेना. जिन्यावर भिंगांच्या चपला वाजल्या, आणि वाक्य आपोआप आलं. 'धाकट्या सुनेने ते पत्र सासूच्या नजरेपासून पिठाच्या डब्यात झाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पावात सही निघाली.' ते त्यांनी जुन्या इंग्रजीत लिहिलं, शब्दांच्या शेवटी चार-दोन जास्तीचे ई लावून. पुस्तकाचं नाव, 'एका विधवेची घरगुती पत्रे'. साल सोळाशे तीन. पान दोनशे बारा. चिठ्ठी फार कोरी करकरीत दिसू लागली, तेव्हा उरलेल्या चहात ती बेताने बुडवून वाळवली.

दुसऱ्या दिवशी भिंगांनी बोलावलं. चिठ्ठी त्यांच्या समोर होती आणि तिच्यावर बशीएवढा डोळा होता.

"ही बाई कोण?"

"कुठली, साहेब?"

"विधवा."

"एका वकिलाची, साहेब. नाव छापलेलं नाही. त्या काळी बायका नाव घालत नसत."

"सत्तावीस वर्षं मी इथे आहे. ही कानावर आली नाही." भिंगांनी चिठ्ठी नाकाशी नेली. "काय लिहिलंय हो. सही निघाली पावात. बाकीचे दोन पुरावे धर्मोपदेशकांचे, वाचता वाचता पेंग येते. या बाईला सोडू नका. पुढे हाऊस येतंय, हंबल येतंय, हसबंड येतंय. सगळ्यांना हिचे पुरावे काढा."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण डोळा वर उठला, आणि तोंडातून "काढतो" असं आलं.

माणूस एक खोटं बोलतो ते स्वतःच्या मर्जीने. पुढची बोलतो ती आधीच्या खोट्याची नोकरी म्हणून. महिन्याभरात विधवेने पंधरा चिठ्ठ्या भरल्या. तिला दोन सुना झाल्या, एक बहिरा दीर झाला, घराचं छप्पर गळू लागलं. टंकलेखिका बाई तिच्यात अशा गुंतल्या की सकाळी आल्या आल्या विचारत, "आज काय म्हणतात आपल्या बाई?"

एका सोमवारी मात्र त्यांनी यंत्र थांबवलं. "साहेब, यांचे मिस्टर सोळाशे एकला गेले ना?"

"हो."

"मग सोळाशे दोनच्या पत्रात त्यांच्या शेजारी कोण घोरतंय?"

उपसंपादकांनी चिठ्ठ्यांची चळत सरळ केली. "दीर," ते म्हणाले. "पलीकडच्या खोलीत. भिंत पातळ होती."

"बहिरी माणसं मोठ्यानेच घोरतात," बाई सहानुभूतीने म्हणाल्या आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

त्याच दुपारी भिंग स्वतः टेबलापाशी आले. "प्रस्तावनेत एक पान विधवेवर लिहितोय. मध्यवर्ती ग्रंथालयाला पत्र टाकलंय. पान दोनशे बारा, 'झाकणे' या अर्थी हुडविंक, वाक्य पडताळून नक्कल पाठवा म्हणून. आपलं वाक्य मुद्दाम कळवलं नाही. कळवलं तर ते आपलंच उतरवून पाठवतील. गुरुवारी उत्तर येईल."

त्या दिवसापासून उपसंपादकांना जेवण जाईना. मंगळवारी मधल्या सुट्टीत त्यांचे पाय आपोआप तळघराकडे वळले. पायऱ्या एकवीस होत्या. खाली एक बल्ब, एक टेबल आणि ते गृहस्थ. टेबलाचा अर्धा भाग पुसून रिकामा केलेला होता आणि त्यापुढे दुसरी खुर्ची मांडलेली होती.

"कधीपासून येताय?" गृहस्थांनी विचारलं.

"मी फक्त बघायला आलोय."

"मीही तसाच आलो होतो," गृहस्थ म्हणाले. "खिडकीकडची बाजू तुम्हाला देईन. खिडकी नाहीये, पण बाजू आहे."

घरी बायकोने धुवायचे कपडे पुढ्यात घेतले होते. "अहो, या खिशाला हे निळं काय लागलंय? महिना झाला, तीनदा घासला, निघत नाही."

उपसंपादक पलंगाच्या कडेवर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. शिंकेपासून घोरणाऱ्या दिरापर्यंत. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बाई नाहीच?"

"नाही."

"आणि ते पावातल्या सहीचं?"

"ते मीच."

बायकोने सदरा बाजूला ठेवला. "लग्नाला एकोणीस वर्षं झाली. माझ्याशी एवढं गमतीचं एक वाक्य कधी बोलला नाहीत. आणि त्या मेल्या विधवेसाठी पंधरा."

"अगं, मला तळघरात पाठवतील."

"मग आपणहून सांगून टाका. चोर आपल्या पायांनी आला तर मार कमी बसतो."

"कमी, पण बसतो," उपसंपादक म्हणाले आणि आडवे झाले.

बुधवारी ते दोनदा भिंगांच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा दार बंद होतं, म्हणून परत आले. दुसऱ्यांदा उघडं होतं, म्हणून परत आले.

गुरुवारी टपाल आलं. लांबट पाकीट, त्यावर ग्रंथालयाचा गोल शिक्का. बाईंनी ते आत नेऊन दिलं. उपसंपादक टेबलाची कड धरून बसले. सात मिनिटं काही झालं नाही. आठव्या मिनिटाला हाक आली.

"बसा," भिंग म्हणाले. बसा म्हणण्याची त्यांची रीत नव्हती. उपसंपादक खुर्चीच्या कडेवर टेकले.

"ग्रंथालयाने नक्कल पाठवलीय."

"कसली?"

"कसली म्हणजे? पान दोनशे बारा."

उपसंपादकांना वाटलं की आपल्या कानात काहीतरी गेलं. भिंगांनी कागद समोर धरून वाचला. "'सासऱ्यांनी दुभती गाय पडद्याआड झाकली, आणि जप्तीला आलेल्या शिपायाला म्हणाले, ती हंबरतेय ती माझी बायको.' हुडविंक, 'झाकणे' या अर्थी. स्वच्छ पुरावा. खाली सही, शिक्का, तारीख."

खोलीत पंखा फिरत होता. नसलेल्या पुस्तकाच्या नसलेल्या पानावर एक गाय उभी होती, आणि ती उपसंपादकांची नव्हती. क्षणभर त्यांना वाटलं, बाई खरीच असली तर?

"आता तुमची चिठ्ठी," भिंग म्हणाले, आणि डोळा बशीएवढा झाला. "सून, पत्र, पीठ, पाव. उपसंपादक, नक्कल करताना स्वल्पविराम सुटतो, मी समजू शकतो. एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. तुमच्या हातून गाईचं पत्र झालं."

"साहेब, ते पुस्तकच नाहीये."

"काय?"

"नाहीये. मी रचलं. चिठ्ठीवर चहा सांडला, आणि मी घाबरलो. विधवा, सुना, दीर, सगळं माझंच."

भिंगांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. भिंगातूनही आणि भिंगाशिवायही. "बावीस वर्षांत तुम्ही रजेचा अर्जसुद्धा मागच्या अर्जावरून उतरवलाय. तुम्ही बाई रचणार?"

"खरंच, साहेब."

"इथे शिक्का आहे." बोट गोल शिक्क्यावर पडलं. "आपली चूक झाकायला एका थोर लेखिकेला खोटं ठरवायचं? वय काय तुमचं? चिठ्ठी खराब करण्याबद्दल तळघर आहे. चुकीची चिठ्ठी लिहिण्याबद्दलही तळघरच आहे. सोमवारपासून. आणि बाकीच्या चौदा चिठ्ठ्याही मी ग्रंथालयाकडे पडताळायला पाठवतोय. देव जाणे कुठे कुठे गाई सोडल्यात तुम्ही."

सोमवारी उपसंपादक एकवीस पायऱ्या उतरले. गृहस्थांनी वार विचारला आणि खिडकीकडची बाजू दिली. वरच्या मजल्यावर पान दोनशे बाराची गाय छापायला गेली. हुडविंकला मधली पायरी पुन्हा मिळाली, आणि बाईंनी ते पान टंकताना डोळे पुसले, असं म्हणतात.

गुरुवारी तळघरात एक पत्र आलं. पाकिटावर शिक्का नव्हता, फक्त 'विधवेच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यास' एवढंच होतं. आतला कागद पेन्सिलीने लिहिलेला होता.

'सा. न. वि. वि. मी मध्यवर्ती ग्रंथालयात नकला विभागात कारकून आहे. पुस्तक सापडत नाही असं म्हणणाऱ्याला इथे पोटमाळ्यावर पाठवतात, आणि मला जिना चढवत नाही. आपल्या कचेरीने आता आणखी चौदा पानं मागवली आहेत. तरी त्या पानांवर आपण काय काय लिहून बसला आहात ते उलट टपाली कळवावं, ही हात जोडून विनंती. गाय एकदाच सुचते, साहेब.'