पहिलीचा वर्ग हलत नाही!

एकोणीसशे एकाहत्तर साली अख्ख्या नेवासे तालुक्यात माझ्यासारखा पहिलीचा वर्ग कुणाचा नव्हता! हे मी नाही, आमचे हेडमास्तर यज्ञेश्वर गुरुजी सांगायचे. बत्तीस पोरं, पण चिमणीएवढा आवाज नाही! "विजयाबाई, सुट्टी दिलीत की काय?" असं म्हणत ते दारातून डोकावायचे, तर सगळी पोरं मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून ओळीत बसलेली! नगरहून नवी आलेली बावीस वर्षांची मी. माझी मान विजेच्या खांबासारखी ताठ व्हायची.

पहिल्या ओळीत राही बसायची. सहा वर्षांची, थोरल्या बहिणीच्या झग्यात बुडालेली. तिची आई रतनबाई दर साली घरादारासकट ऊस तोडायला कोपरगावकडे जायची. यंदा राहीची शाळा बुडू नये म्हणून तिला मावशीकडे ठेवणार होती. "बाई, तुमी म्हनाल ते आईकंल ती," असं मला बजावून गेली होती. मुकादमाचा ट्रक शनिवारी यायचा होता.

शुक्रवारी घोडेगावच्या बाजारातून गावातला गहिनीनाथ नवी म्हैस घेऊन आला. शाळेपाशी तिने कासरा हिसडला आणि थेट ऑफिसात शिरली!

"अहो, वाचवा!" गुरुजींची आरोळी!

"मी येईपर्यंत कुणीही हलायचं नाही!" पोरांना दम भरून मी धावले. गुरुजी टेबलावर उभे, खाली म्हैस, आणि म्हशीच्या तोंडात पहिलीचा हजेरीपट!

"बाई, हजेरीपट! उद्या साहेब यायचेत तपासायला!"

मी शेपूट ओढलं. ट्रेनिंग कॉलेजात हे शिकवलं नव्हतं! म्हैस उधळली. पुढे म्हैस, तिच्यामागे मी, माझ्यामागे धोतर सावरत गुरुजी, आणि सगळ्यांत मागे गहिनीनाथ ओरडतोय, "आवो, पळवू नका तिला, गाभन हाय!" ओढ्यापर्यंत अशी आमची वरात गेली! तासाभराने अर्धा हजेरीपट हाती लागला. उरलेला अर्धा म्हशीने पचवला होता.

चिखलाने माखून परत आले, तर बत्तीस पोरं जशीच्या तशी! ऊर भरून आला माझा.

"शाब्बास! बोटं खाली!"

राहीने बोट काढलं. ओठावर पांढरा वळ उमटला होता.

"बाई, आई आल्ती. टरक आजच आला म्हनली."

"मग कुठंय ती?"

"गेली."

"अगं, आणि तू उठली नाहीस?"

"तुमी हलायचं न्हाई म्हनला हुता." राही शहाण्यासारखी सांगत होती. "आईनं पापा घेतला. मी बोललेच न्हाई. आई म्हनली, बस तशीच, न्हाईतर बाई वरडतील."

मी तिला कडेवर घेतलं आणि पळत सुटले. चप्पल वर्गातच राहिली. सडकेवर राहीची मावशी आक्काबाई पदराने डोळे टिपत परत येताना भेटली.

"टरक? कवाच गेला की! रतन सारकी मागं बघत हुती. पोरगी बोलली न्हाई म्हनून लई रडली. आता उनाळ्यातच यायची."

सडकेवर नुसता फुफाटा होता. मी राहीला खाली ठेवलं आणि तिथल्याच मैलाच्या दगडावर बसले. मग मला रडू फुटलं. रस्त्यावरून बाजारची माणसं जात होती, पण मला काही आवरेना.

राही थोडा वेळ सडकेकडे बघत उभी राहिली. मग माझ्याजवळ आली. पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाली,

"बाई, हेडमास्तरांनी मारलं का तुमाला?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"लई लागलं?"

"लई."