राघो साखळीवाला

भांडणाऱ्या दोन घरांपैकी एका घरचं पाणी प्याला, की राघो मांडवकर दुसऱ्या घरचंही तेवढंच पाणी पीत असे. तहान असो वा नसो. लांज्याकडच्या एका गावात पाच भावांच्या वाटणीची मोजणी होती. थोरल्याच्या बायकोनं आग्रहानं तांब्या पुढे केला आणि राघोनं बेसावधपणे तो रिकामा केला. मग उरलेल्या चार ओट्यांवर जाणं आलं. त्या दिवशी दर दोन झेंड्यांच्या मधे तो करवंदीच्या जाळीमागे नाहीसा होई आणि मी मोजणीच्या फळीवर कागद पसरून उन्हात त्याची वाट बघत उभा राही.

मी तेव्हा रत्नागिरीच्या कचेरीत नवाच मोजणीदार म्हणून लागलो होतो. तीस सालाच्या आगेमागे कधीतरी. दिवाळी झाली की आम्ही गावोगाव हिंडायला निघायचो ते वैशाखात परत यायचो. मी नकाशा काढायचा, राघोनं साखळी ओढायची. साखळी तेहतीस फुटी. तिचे सारखे सोळा भाग. त्यांना आम्ही आणे म्हणत असू. मागचं टोक गावातला कोणीतरी धरी, पुढचं टोक घेऊन राघो चाले, आणि साखळी ताणली की तिथे लोखंडी मेख ठोकी. मेख वीतभर पुढे ठोकली की एकाची जमीन वाढते आणि दुसऱ्याची घटते. हे गावात सगळ्यांना ठाऊक असायचं. म्हणून मला लोक नुसता नमस्कार करत आणि राघोला पाणी, पोहे, शहाळी देत.

त्याचा पाण्याचा नियम यातून आला होता. पण नियम म्हटला की त्याला पोटकलमं फुटतात. एका घरी त्याला ताक मिळालं. दुसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "आमची म्हैस आटली रे बाबा, पाणीच घे." राघो विचारात पडला. मग पहिल्या घरी परत गेला आणि म्हणाला, "वाईच पाणी द्या. ताकाचं आता काय परत देता येत नाय, पन पाणी पिऊन पातळ करतंव." आणि त्यांच्या देखत दोन तांबे प्याला.

साखळी ओढून ओढून त्याला सगळं जग आण्यांत दिसायचं. एक आणा म्हणजे दोन फुटांहून नखभर जास्त. माझी उंची बेताची. पहिल्याच दिवशी त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ अडीच आन्याचे." पुढे तपासणीला एक उंच गोरे साहेब आले. त्यांनी राघोकडे बोट दाखवून मला काही विचारलं. राघोला वाटलं, मापाचंच काहीतरी चाललंय. तो अदबीनं म्हणाला, "सायेब पुरे तीन आने." साहेबांनी अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं की तो आपल्याला सलाम करतो आहे. साहेबांनी सलाम घेतला.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "साखळीला ईचारा." हद्द कुठे जाईल, जेवायला किती वाजतील, पाऊस कसा होईल, सगळ्याला हेच उत्तर. माझ्या लग्नाचं चाललं होतं. चालता चालता मी त्याला सहज म्हणालो, "राघो, मुलगी राजापूरची आहे. करावी का?" तो थांबला, मेख ठोकली, अंग सरळ केलं आणि म्हणाला, "साखळीला ईचारा." मी लग्न केलं.

त्याच्या साखळीवरून काढलेल्या नकाशांवर सही माझी असे, खाली कचेरीचा शिक्का. राघोचं नाव कुठेच नसे. तालुक्यातला हद्दीचा प्रत्येक दगड मात्र त्याच्या डोक्यात होता. "त्या चिंचेखाली बघा, पाचोळा सारा, दगड हाय," असं तो फळीपाशी उभ्या उभ्या सांगायचा आणि दगड असायचाच. एवढ्या लोकांच्या जमिनी पायाखालून गेल्या, पण त्याच्या स्वतःच्या गावाचं नाव मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कचेरीच्या आवारातल्या एका खोपटात तो एकटा राहायचा. मला वाटायचं, याला गावच नसेल.

गाव होतं. माझ्या तिसऱ्या वर्षी मोजणीच्या यादीत एक आतलं गाव आलं आणि राघोला ताप आला. जुन्या कारकुनानं मला सांगितलं, "ते गाव आलं की त्याला ताप येतोच. त्याचंच गाव आहे." पण त्या वर्षी दुसरा साखळीवाला नव्हता. तिसऱ्या दिवशी राघो आपणहून उठला, साखळी खांद्यावर टाकली आणि सामानाच्या बैलगाडीच्या मागून चालू लागला.

फाल्गुन होता. भाताच्या मळ्या मोजून झाल्या आणि आम्ही डोंगरउताराच्या जमिनीवर आलो. तिथे भिकाजी मांडवकर म्हणजे राघोचा सख्खा भाऊ, आणि धोंडू म्हणून एक शेजारी यांच्यात हद्दीचा तंटा होता. वीस वर्षांपूर्वी राघो गाव सोडून गेला तेव्हा आपला हिस्सा त्यानं भिकाजीला देऊन टाकला होता. भिकाजीनं भावाला घरी बोलावलं. राघो गेला नाही. धोंडूकडेही गेला नाही. दिवसभर पाण्यावाचून राहिला.

खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी हद्दीचा जुना दगड होता. तिथून वर धोंडूच्या हद्दीपर्यंत नकाशात बारा साखळ्या चार आणे होते. राघो मोजत वर चढला. प्रत्येक मेखेला माझ्याकडे बघून आकडा सांगत होता. बारा झाल्या. मग त्यानं साखळीवरचे चार आणे बोटांनी मोजले आणि झेंडा रोवला. भिकाजीचं कुंपण तिथून आणखी सहा आणे पुढे होतं. म्हणजे बारा-साडेबारा फुटांची पट्टी धोंडूची निघाली.

भिकाजी कुंपणापाशी उभा होता. तो खाली आला. आवाज चढवलाच नाही त्यानं.

"राघो, परत मोज."

"दोनदा मोजलंव."

"मेख वाईच पुढं गेली असती तर कोनाला कळलं असतं?"

राघो वाकून झेंड्याभोवतीची माती दाबू लागला.

"त्या पट्टीत तुजी पोर पुरलेली हाय," भिकाजी म्हणाला. "आठ दिसांची. माज्या हातानं खड्डा खनलंव मी. तुजी बायको घरात तापानं पडलेली, तू तिच्या उशाशी. मागनं तीबी वाचली नाय. इतकी वरसं मी तिकडं गोरू चरू दिलं नाय. आनि तू ती धोंडूला देतंस?"

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी ती पट्टी भिकाजीची दाखवायला तयार होतो. सही माझी होती, विचारणारं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "राघो, उतार आहे. उतारावर चूक होऊ शकते. उद्या बघू या का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला अजून लाज वाटते.

"झेंडा हयच, भाऊ," तो म्हणाला. "लिवा."

मी लिहिलं. भिकाजी पाठ फिरवून घराकडे गेला. राघो साखळी गोळा करत राहिला. एरवी दोन मिनिटांचं काम, पण त्या दिवशी त्याला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या पडवीत धोंडू आला. मुंडासं काढून हातात घेतलं होतं. राघो साखळीला खोबरेल लावत बसला होता.

"राघोदादा, पट्टी माजी निघाली खरी. पन मी तिकडं कायच करनार नाय. हाय तशी ठेवतंव."

"कशाला?"

"तुजी पोर..."

"पडीक ठेवलीस तर रानडुकरं उकरतील," राघो म्हणाला. "नाचणी पेर. कुदळीनं खन, हलक्या हातानं."

धोंडू घुटमळला. "नक्की खय हाय ती? तेवढी जागा तरी सोडतंव."

राघोचा तेलाचा हात थांबला. "ता मना नाय सांगता यायचा. मी तेव्हा आलोच नाय तिकडं. मागनं जाऊन आंब्याचं रोप लावलं व्हतं, ता जगलं नाय." मग साखळीची पुढची कडी पुसत म्हणाला, "सगळीच पेर. कायतरी उगवू दे."

साऱ्या तालुक्याचे दगड तोंडपाठ असलेला माणूस हे सांगत होता. मी उठून शाळेच्या मागे गेलो आणि तिथे उगीचच उभा राहिलो.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी आम्हाला मुलगी झाली. मार्गशीर्षात ती वरचं खाऊ लागली. त्या वर्षी सुरुवातीची मोजणी शहरालगतच होती, म्हणून आम्ही रोज घरी परतत असू. एके दिवशी धोंडू रत्नागिरीला आला आणि राघोसाठी कचेरीत पायलीभर नाचणी ठेवून गेला. संध्याकाळी राघो ती पिशवी घेऊन आमच्या झाडगावच्या बिऱ्हाडी आला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच माझ्या दारात आला होता. पायरीवर पिशवी ठेवून माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, पोरीसाठी सत्त्व काढा. पयलंच पीक हाय."

"कुठली हो नाचणी? चांगली टपोरी आहे."

"गावची," राघो म्हणाला.

मी पिशवी उचलून आत नेली. बायकोनं नाचणी भिजवली, वाटली, गाळली, सत्त्व उन्हात वाळवलं. चार-पाच दिवसांनी राघो पुन्हा आला, काही काम नसताना, आणि पडवीच्या कडेला बसला. आत बायको मुलीला खीर भरवत होती. पहिला घास मुलीनं थुंकून टाकला, दुसरा गिळला, तिसऱ्याला तिनं आपणहून तोंड उघडलं. राघो दारातून ते सगळं बघत होता.

वाटी संपल्यावर तो म्हणाला, "मी घेऊ काय तिला वाईच?"

हौदावर जाऊन त्यानं हात धुतले, धोतराला पुसले, मांडी घातली. मुलगी त्याच्या मांडीवर थोडी वळवळली आणि झोपून गेली. मग तो हललाच नाही. ऊन पडवीतून अंगणात गेलं, अंगणातून कुंपणावर गेलं. बायकोनं दिवे लावले आणि बाहेर येऊन म्हणाली, "द्या हो आता तिला. पाय अवघडला असेल तुमचा."

"ऱ्हाऊ दे, वैनी," राघो हळूच म्हणाला. "उठंल ती."