दुसऱ्या टोकाचे शौकतचाचा

कसोटी सामन्यात कुणी पराक्रम केला की आपण विचारतो, किती विकेट काढल्या? आमच्या शेजारचे शौकतचाचा विचारतात, "आन् दुसऱ्या टोकाला कोण हुतं?"

क्रिकेटमध्ये एका टोकाकडून एकाची ओव्हर झाली की दुसऱ्या टोकाकडून दुसरा टाकतो, हे लोक विसरतात. चाचांना ते खपत नाही. तुम्ही त्यांना सांगा, विलायतेत एकानं एका कसोटीत एकोणीस विकेट काढल्या. कुठलाही माणूस तोंडात बोट घालील. चाचा शांतपणे म्हणतात, "एकोणीस. मंजी ऱ्हायली एक. ती कुणाला घावली?" मग स्वतःच सांगतात, की दुसऱ्या टोकाला तसाच भारी स्पिनर होता, त्याच पीचवर टाकत होता, आणि त्याच्या वाट्याला आली ती एक. "सूनबाई, एकोणीसवाला त्या दिशी झ्याक जेवला आसंल. पण ह्यो एकवाला जेवला का न्हाय, ह्ये कुणी लिवलं का?" कुणी लिहिलेलं नाही.

चाचांचं भिगवणला मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान आहे. आमच्या घराची आणि त्या दुकानाची भिंत एकच. माझे सासरे, म्हणजे आबा, आणि चाचा लहानपणापासूनचे दोस्त, म्हणून मी सूनबाई. कसोटी सुरू झाली की दुकानाचं शटर अर्धं ओढून ते आमच्या टीव्हीसमोर येऊन बसतात. ट्वेंटी-ट्वेंटी त्यांना चालत नाही. "चार ओव्हरीत कसलं टोक आन् कसलं काय."

त्यांचं पाहणंही उफराटं. पाच विकेट काढणारा चेंडू उंचावून प्रेक्षकांना दाखवत असतो, तेव्हा चाचा पडद्याच्या कोपऱ्यात भलत्यालाच शोधत असतात. "त्यो बघा, टोपी काढून घाम पुसतोय. सकाळपासनं रन दिला न्हाय गड्यानं. त्यानं तिकडं दार लावून धरलं, म्हणून हिकडं चोर घावला." टाळ्या त्या घाम पुसणाऱ्यासाठी. तेवढ्यात कॅमेरा वळला, तर कॅमेरावाल्याचा उद्धार. ओव्हरमागून ओव्हर एकही रन निघेना, की आमचं सारं घर पेंगायला लागतं आणि चाचा रंगात येऊन चहा मागतात. विक्रमवीरांची नावं त्यांना धड आठवत नाहीत. आठशे विकेटवाल्याला ते नुसतं "त्यो आठशेवाला" म्हणतात. त्याच्या जोडीदारांची मात्र घरच्या माणसांसारखी चौकशी करतात.

हे खूळ मैदानाबाहेरही पसरलेलं आहे. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी आचाऱ्याला भेटून येतात. एका सत्काराला पाहुण्यांना घालायची शाल कुणीतरी यांच्या हातात दिली, तर यांनी ती पाहुण्यांच्या ड्रायव्हरला घातली. "इंदापूरपासनं गाडी कुणी आणली?" ड्रायव्हर काही केल्या शाल काढेना आणि पाहुण्यांना नुसत्या नारळावर परत जावं लागलं. माझी मुलगी वर्गात पहिली आली, तेव्हा पेढा हातात घेऊन चाचांनी विचारलं, "हिच्या बाकावर शेजारी कोण बसती?" आणि त्या पोरीसाठी एक पेढा मागून घेतला. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

एकाच विक्रमाला त्यांचा हा प्रश्न नसतो. आपल्या एका गोलंदाजानं कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा काढल्या. नऊ झाल्यावर, दहावीही त्यालाच मिळावी म्हणून दुसऱ्या टोकाच्यानं मुद्दाम बाहेर बाहेर चेंडू टाकले. खरं तर ही गोष्ट चाचांनी डोक्यावर घेऊन नाचायला हवी. पण टीव्हीवर ती मॅच दाखवायला लागले की ते उठतात आणि "गिऱ्हाईक आलं वाटतं" म्हणत दुकानात जातात. दुकानात कोणीही आलेलं नसतं.

याचं कारण मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं. उजनी धरणाचं पाणी मागं सरकलं की आमच्याकडे जी जमीन उघडी पडते, तिच्यावर दरवर्षी मॅच होतात. उद्घाटनाचे पाहुणे ठरलेले, वरकुट्याचे दत्तातात्या. तरुणपणी याच जमिनीवर, दिवसभराच्या मॅचमध्ये त्यांनी एका डावात दहा विकेट काढल्या होत्या. पुढे गुडघा गेला, भवानीनगरला कारखान्याच्या गेटवर नोकरी करून ते निवृत्त झाले, बायको गेली, मुलं लांब राहिली. पण आजही सगळे त्यांना दहावाले तात्या म्हणतात.

समारंभाचा माइक माझ्याकडे असतो, कारण मी शाळेत शिकवते आणि मला लाज कमी. तात्यांची ओळख यंदा जरा नव्यानं करून द्यावी म्हणून मी आबांना विचारायला गेले. ते त्या मॅचचे विकेटकीपर. चाचांची संगत लागलेली, मी सहज म्हटलं, "आबा, तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण होतं?"

आबा हसायला लागले. "शौकत. दुसरं कोण?"

शौकतचा नेम असा, की स्टंपापुढं काडेपेटी ठेवली तर काडेपेटीच उडायची. पण दत्ताच्या नऊ झाल्या आणि शौकतची ओव्हर आली, तेव्हा त्याचा एकेक चेंडू इतका लांब पडायला लागला, की आबांची धावून धावून दमछाक झाली. वाइडच्या रना देऊन मॅच हातची जायची वेळ आली. शेवटी फलंदाजच वैतागला. त्यानं बाहेरच्या चेंडूमागं पळत जाऊन बॅट लावली, आणि सोपा कॅच आबांच्या हातात आला.

"तवा माझ्या डोक्यात उजेड पडला," आबा म्हणाले. "मग मीबी सोडला."

पुढच्या ओव्हरला दत्तानं दहावी काढली. आपल्याला कुणी काही विचारू नये म्हणून शौकतनं उजवा खांदा धरला आणि बॉल टाकताना तो निखळला असं सांगितलं. ते सोंग खरं वाटावं म्हणून तो सबंध उन्हाळा त्यानं बॉलला हात लावला नाही.

मला राहवेना. हा माणूस जगातल्या प्रत्येक दुसऱ्या टोकाची बाजू घेऊन भांडतो, आणि त्याचं स्वतःचं टोक कुणाला ठाऊक नाही. हे माइकवरून सांगायचंच, असं मी आबांना बजावलं.

आबांच्या पोटात काही राहत नाही. उद्घाटनाच्या सकाळी चाचा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"सूनबाई, त्ये बोलू नका."

"का? सगळ्यांचं तुम्हीच विचारत असता."

"त्यांचं येगळं. त्यो कसोटीतला दहावाला लई मोठा. त्याच्यापाशी आणखी ढीगभर हायेत. दत्तापाशी ह्या दहाच. तुमी बोलला की ऱ्हातील नऊ, आन् एक मी दिलेली. ह्या वयात त्यानं ती कुठं ठिवावी?"

"आणि तुमचं कुणी विचारायचं?"

"आवो, मी हुतो की तितं. मला ठावं हाय."

इतकी वर्षं मी ज्याला खूळ म्हणत आले, ते खूळ नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

मी माइकवर काही बोलले नाही. तात्यांनी दहाही विकेट पहिल्यापासून सांगितल्या. सांगताना गुडघा अडखळला, तरी हात प्रत्येक वेळी वरून फिरला. शेवटच्या विकेटला आल्यावर ते म्हणाले, "आन् ह्यो आमचा शौकत. त्याचा खांदा निखळला म्हणून, न्हायतर माझ्या कुठल्या दहा?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी मान डोलावली.

खाली उतरल्यावर तात्या लंगडत थेट चाचांकडे आले. पिशवीतून त्यांनी तेलाची बाटली काढली. "दर साली आणून देतो, तू लावत न्हाईस. बस हितं." त्यांनी चाचांना मंडपातल्या खुर्चीत बसवलं, सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि उजवा खांदा चोळायला घेतला. सकाळीच त्या खांद्यावरून जाळ्यांचं भलं मोठं गठुडं टेम्पोत फेकताना मी चाचांना पाहिलं होतं. पण तात्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती, इतक्या वर्षांची.

"लई दुखतंय का रं?" तात्यांनी विचारलं.

चाचांनी डोळे मिटून तोंड जरा वाकडं केलं.

"थोडं वर," ते म्हणाले. "हां. तितंच दुखतंय."