सेनापतीच्या स्वच्छतेचा अहवाल

समाजाचे नैतिक आरोग्य वाचनालयाच्या कपाटांवर अवलंबून असते, हे सर्वमान्य आहे. (कपाटांचे आरोग्य वाळवीवर अवलंबून असते, पण तो विषय दुसऱ्या समितीकडे आहे.) म्हणूनच एका कादंबरीसाठी त्रेसष्ट सभासदांनी नंबर लावले आणि त्यांत एकसष्ट बायका निघाल्या, तेव्हा कार्यकारिणीने तातडीची सभा बोलावली. बायका एवढ्या आवडीने वाचतात म्हणजे आत काहीतरी वावगे असणारच. ताबडतोब स्वच्छता उपसमिती नेमण्यात आली.

उपसमितीत सदस्य एकच होते, निवृत्त वजनमापे निरीक्षक. तीस वर्षे त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. त्यांच्या नजरेतून अर्धा ग्रॅम सुटला नाही. (घरात काय काय सुटले, याची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती.)

कथानक सोपे होते. एक बाई लिफ्टमध्ये चुकीचे बटण दाबते आणि दोनशे वर्षे मागे, थेट एका सेनापतीच्या मुलखात उतरते. मग प्रेम जमते. निरीक्षकांनी नायक-नायिकेतले अंतर जागोजागी मोजून रीतसर तक्ता आखला. पान एक: दोनशे वर्षे. पान चाळीस: एक नदी. पान एकशे दहा: सहा फूट, मध्ये घोडा. पान तीनशे दोन: दीड फूट (घोडा गेलेला, कारण दिलेले नाही). शेवटच्या पानावर बोटाला बोट लागते, तेही सेनापतीच्या हातात मोजा असताना.

"अहो बाई, यात तर काहीच नाही!" निरीक्षक ग्रंथपालबाईंना म्हणाले. "मग एवढी झुंबड कशासाठी?"

"समासातल्या खुणा बघितल्यात का?" असे विचारून बाई पुन्हा शिक्के मारू लागल्या.

खुणा होत्या. पेन्सिलीच्या, वेगवेगळ्या हातांच्या, सत्तावीस ठिकाणी. निरीक्षकांना हुरूप आला. लबाडी सापडली! त्यांनी भिंग काढले.

पहिल्या खुणेपाशी नायिका सेनापतीला लिफ्ट म्हणजे काय ते समजावते आहे. सेनापती तलवार बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "मग?" नवव्या खुणेपाशी ती आपल्या आईविषयी बोलते आहे आणि तातडीचा खलिता येतो. सेनापती दूताला म्हणतो, "थांब जरा, यांचं पुरं होऊ दे." सत्ताविसाव्या खुणेपाशी लढाई तोंडावर आहे, आणि हा गृहस्थ घोड्यावरून वळून विचारतो, "सकाळी तुम्ही काहीतरी सांगत होता, ते राहूनच गेलं."

इथे पान हाताळून मऊ पडले होते. शेजारी लांब शेपटीच्या तीन खुणा होत्या. तशी शेपटी निरीक्षकांनी धोब्याच्या यादीवर हजारदा पाहिली होती. ती त्यांच्या बायकोची होती.

त्यांनी पुस्तक काखेत मारले आणि भर दुपारी घर गाठले. दाराशी बॅग होती. बायको चप्पल घालत होती.

"कुठे निघालीस?"

"ताईकडे. सांगितलं होतं."

"कधी?"

"सोमवारी. बुधवारी. आणि आज सकाळी, तुम्ही तो तक्ता आखत होता तेव्हा. तिन्ही वेळा 'हं' म्हणालात."

"किती दिवसांसाठी?"

"तेही सांगितलं होतं."

निरीक्षकांच्या पायाखालची जमीन सरकली. ही परत येणार की नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि उत्तर त्यांच्या कानावर तीनदा पडून गेले होते. ते भयंकर घाबरले. जवळ तलवार नव्हती, म्हणून त्यांनी खिशातले पेन काढून बाजूला ठेवले आणि दारातल्या स्टुलावर बसले.

"मग?" ते म्हणाले.

बायकोने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "पुस्तक वाचलंत वाटतं."

"वाचलं."

"आणि त्यातलंच ढापताय."

"हो. पण तू सांग. पहिल्यापासून सांग."

ती उभीच राहिली. मग बॅगेवर टेकली. मग बोलू लागली. बोलणे एकवीस वर्षांचे साठलेले होते, त्यामुळे चारची बस गेली. पाचचीही गेली. निरीक्षकांना मध्ये दोनदा चूक दुरुस्त करावीशी वाटली, पण त्यांनी जीभ चावली. सहाच्या सुमारास तिने चप्पल काढली.

अहवाल दुसऱ्या दिवशी सादर झाला: "कादंबरी संपूर्ण स्वच्छ आहे. मात्र नायक समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकतो, हे माप सध्या कोणत्याही घरात प्रमाणित नाही. वाचकांना त्यासाठी दोनशे वर्षांचा प्रवास पडतो. पुस्तक बायकांना देण्यास हरकत नाही. नवऱ्यांना ते सक्तीने द्यावे."

कार्यकारिणीच्या सभेत अहवाल मोठ्याने वाचण्यात आला. सर्व सदस्यांनी "हं" म्हणून तो एकमताने मंजूर केला.

तुम्ही हसलात, ते ठीकच आहे. पण मघाशी, तो घोडा गेला त्या सुमारास, आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी काहीतरी विचारलं. तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. काय विचारलं होतं हो?